पानं तजेलदार, फुलांचा पत्ता नाही

चवथ झाली, पाऊस ओसरला, आणि दरवर्षीसारखी ऑर्किडवाल्यांची पत्रं आली. जून ते सप्टेंबर कुणाची तक्रार नसते. पावसात ऑर्किड असं काही वाढतं की माणूस खूश होऊन फोटो काढत बसतो. मग ऑक्टोबरचं ऊन तापतं, शेजारणीच्या कुंडीत फुलांचा दांडा दिसतो, आपल्या कुंडीत दिसत नाही, आणि पेन हातात घेतलं जातं.

नव्या वाचकांसाठी एक सांगते. मी गोव्यातल्या म्हार्दोळची. आमच्याकडे फूल म्हणजे जाई. महालसेच्या देवळातली जायांची पूजा ठाऊक असेलच. जाईला काय हवं ते इथल्या पोरासोरांना कळतं : शेणखत घाला, पाणी घाला, वेळेवर छाटा. मीही ऑर्किडला जाईसारखंच वागवलं आणि पहिली चार वर्षं नुसती पानं मोजली. तेव्हा खाली कुठे आवाज चढलेला वाटला, तर तो आधी माझ्यावरच चढवलेला आहे असं समजा.

नमस्कार ताई. मी मडगावला तिसऱ्या मजल्यावर राहते. तीन वर्षांपूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जांभळ्या फुलांचं डेंड्रोबियम ऑर्किड आणलं. तेव्हा त्याला दोन दांडे होते. त्यानंतर एकही फूल नाही. पानं मात्र काळपट हिरवी, तुकतुकीत. रोज पाणी घालते, आठवड्याला तांदळाचं धुवण, महिन्याला चमचाभर युरिया. वाळक्या कांड्या कापून टाकते. बाल्कनी उत्तरेची आहे. एका कांडीच्या शेंड्याला छोटं रोपच फुटलंय. काय चुकतंय?

तुम्ही पत्रात ज्या गोष्टीचं कौतुक केलंय तिथंच दुखणं आहे. काळपट हिरवी पानं! प्रकाश कमी पडला की पान जास्त हरितद्रव्य तयार करतं, मिळेल तो उजेड गोळा करायला. फुलायला तयार असलेल्या डेंड्रोबियमचं पान पोपटी असतं, कच्च्या कैरीच्या सालीसारखं, आणि बोटांना जरा कडक लागतं. अशी कुंडी दुकानात दिसली तर आपण ती 'पिवळी पडलीय' म्हणून बाजूला सारतो.

आता बाल्कनी. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो. त्या सहा महिन्यांत उत्तरेच्या भिंतीवर थेट किरण पडतच नाही. पुढे एप्रिल-मेत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं, पण तोवर उकाडा शिगेला पोचलेला असतो, आणि जूनमध्ये ढग येतात. म्हणजे कांड्या पोसून तयार झाल्यावर, स्वच्छ उन्हाचे जे महिने गोव्याला मिळतात, नेमके तेच तुमच्या झाडाला मिळत नाहीत. खत बदलून यावर काही होणार नाही.

उजेड किती आहे ते बघायला यंत्र लागत नाही. भर दुपारी पानांच्या वर हातभर अंतरावर तळहात धरा. पानावर बोटं वेगवेगळी दिसतील अशी ठसठशीत सावली पडली तर ऊन डेंड्रोबियमला पुरेसं आहे. नुसता धूसर गोळा दिसला तर ती जागा फॅलेनॉप्सिसची (कमी उजेडावर भागवणारं दुसरं ऑर्किड). काहीच दिसलं नाही तर तिथं चपलांचं स्टँड ठेवा.

पूर्वेची खिडकी असेल तर सकाळचं तीन-चार तासांचं ऊन उत्तम. नसेल तर सोसायटीच्या गच्चीवर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधून तिच्याखाली ठेवा (सेक्रेटरीला आधी विचारा, हे स्वानुभवावरून). पण उद्याच उचलून उन्हात नेऊ नका. सावलीत वाढलेलं पान एका दुपारीत करपतं. आधी पांढरट चट्टा येतो, मग तो काळा पडतो आणि मरेपर्यंत तसाच राहतो. दर चार-पाच दिवसांनी थोडं पुढे सरकवत तीन आठवडे घ्या. दुपारी पानाला हात लावून बघा. पान चांगलंच गरम लागलं तर घाई झाली.

दुसरी चूक माझ्याच घरातली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्या वेळी माझ्याकडे एकाच कुंडीत सात कांड्या होत्या. चार हिरव्या, तीन बोडक्या, पानं गळून सुरकुतलेल्या. दिवाळीआधीच्या साफसफाईत मी तुमच्यासारखीच कात्री चालवली. बोडक्या कांड्यांचं घरातल्या जुन्या माणसांसारखं आहे. काम करताना दिसत नाहीत, पण घराची शिदोरी त्यांच्याकडे असते. बोडक्या कांडीत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, नवा कोंब त्यावर पोसतो, आणि मुख्य म्हणजे बाजारातली ही संकरित डेंड्रोबियम बोडक्या कांडीच्या वरच्या पेरांतूनही फुलतात, तीही दोन-दोन, तीन-तीन वर्षं. मी कापलेल्या तीनपैकी एक कांडी खतखड्ड्यावर पडली होती. आठवड्याने बघते तर तिच्या शेंड्याजवळच्या पेरातून तांदळाच्या दाण्याएवढी हिरवी चोच बाहेर आलेली. तो फुलांचा दांडा होता. कचऱ्यात.

तेव्हापासून माझा नियम असा आहे : कांडी बोटांनी दाबायची. पिवळी, तपकिरी, अगदी सुरकुतलेली असली तरी टणक लागली की राहू द्यायची. मऊ, काळी पडून पाणी सुटलेली किंवा आतून भुशासारखी पोकळ झालेली तेवढीच काढायची, कात्री गॅसवर तापवून.

आणि शेंड्याला फुटलेलं ते छोटं रोप. पेरावर जो डोळा असतो तो फूलही होऊ शकतो आणि पिल्लूही. सावली, भरपूर नत्र आणि सतत ओल असली की पिल्लू होतं. तुमच्याकडे तिन्ही आहे. मूळ कुजलं असलं तरीही झाड पिल्लं सोडतं, म्हणून एकदा कुंडी उपडी करून मुळं बघा. जिवंत मूळ पांढरं आणि भरीव, ओलं झालं की हिरवट. मेलेलं मूळ चिमटीत दाबलं की साल निघून हातात दोरा राहतो. पिल्लाची मुळं दोन-अडीच इंचांची झाली की ते काढून वेगळं लावा.

युरिया आजपासून बंद. ऑर्किडला युरियातलं नत्र सहज वापरता येत नाही. मातीतले जिवाणू आधी त्याचं रूपांतर करतात आणि आपल्या कुंडीत माती नसते. (असेल तर ती आधी काढा. कोळसा, मंगलोरी कौलांचे तुकडे आणि थोडी नारळाची सोडणं, एवढंच भरा. सोडणं आपल्या पावसात दोन वर्षांत कुजून चिखल होतात, तेव्हा ती बदलायची.) त्याऐवजी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी खळखळून धुवा, नाहीतर कौलांवर मिठासारखी पांढरी पुटं चढतात. तांदळाच्या धुवणाने नुकसान फार नाही, पण त्याच्यावर मुंग्या आणि बुरशी जास्त खूश होतात. रोज पाण्याचं म्हणाल तर ऑक्टोबरपासून मेपर्यंत सकाळी द्या, संध्याकाळपर्यंत मुळं पांढरी सुकलेली दिसली पाहिजेत.

हे सगळं केलंत तर या हिवाळ्यात फूल येईल असं मी म्हणणार नाही. उन्हात वाढलेली नवी कांडी पूर्ण व्हायला एक पावसाळा जावा लागेल. दांडा दिसल्यापासून कळ्या उमलेपर्यंत आणखी दीड-दोन महिने.

ताई, पणजीत एका नर्सरीतून साडेसहाशे रुपयांना पांढरं फॅलेनॉप्सिस घेतलं. अडीच महिने फुलं टिकली, मग दांडा सुकला. त्याला दोन वर्षं झाली. नर्सरीवाला म्हणतो 'ब्लूम बूस्टर' घाला. युट्यूबवर कुणी बर्फाचे खडे ठेवायला सांगतं. तुम्ही काय सांगाल?

बर्फ सरबतात घाला.

या झाडाचं दुखणं वेगळं आहे आणि त्यात तुमचा दोष कमी. फॅलेनॉप्सिस उष्ण प्रदेशातलं असलं तरी दांडा काढायला त्याला महिना-दीड महिना गारवा लागतो : दिवसा साधारण पंचविशीच्या आत आणि रात्री त्याहून कमी. मोठ्या प्रमाणावर पिकवणारे लोक याचा उलटाही उपयोग करतात. झाड पुरेसं मोठं होईपर्यंत ते २८ अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे ते फुलत नाही, नुसती पानं काढतं. मग सणाच्या हिशेबाने थंड खोलीत हलवतात. आता पणजीतलं हवामान आठवा. जानेवारीत पहाटे वीसच्या आसपास जातं खरं, पण दुपारी बत्तीस. त्यांनी फूल रोखायला जी खोली मुद्दाम तापवलेली असते, तशीच खोली आपल्याला देवाने बारा महिने फुकट दिली आहे.

माझं पहिलं फॅलेनॉप्सिस पाच वर्षं फुललं नव्हतं. ते फुललं लेक बाळंतपणाला आली तेव्हा. उकडतं म्हणून तिच्या खोलीत दिवसरात्र एसी चालू, चोवीसवर. बाळंतिणीला एसी! शेजारच्या मावश्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथं छापण्यासारखं नाही. मांजर कुंड्या पाडतं म्हणून मी ते झाड उचलून त्याच खोलीच्या खिडकीत ठेवलं होतं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. बाळाचं बारसं उरकून पुरते दोन-तीन आठवडे गेले असतील, तळाकडून तिसऱ्या पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवं डोकावलं. मूळ की दांडा? मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं आणि ते खाली किंवा आडवं जातं. दांड्याचं टोक चपटं, जरा वाकडं, हातमोज्यातल्या अंगठ्यासारखं, आणि ते उजेडाकडे वर वळतं. तो दांडा होता. नातू साडेचार महिन्यांचा झाला तेव्हा पहिली कळी उमलली.

तुमच्याकडे रात्री एसी लागत असेल तर नोव्हेंबरअखेर ते जानेवारी झाड त्या खोलीत, उजेडाच्या खिडकीशी ठेवा. वाऱ्याचा झोत थेट अंगावर नको. कुंडीखाली पाणी घातलेल्या खड्यांचं ताट ठेवा, कारण एसी हवा कोरडी करतो आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. एसी नसेल तर विहिरीजवळची, दुपारी अजिबात न तापणारी जागा शोधा आणि रात्री झाड उघड्यावर ठेवा. सत्तरी-सांग्याकडच्या घरांत हे जमतं, किनाऱ्यालगत क्वचित. झाडाला निदान चार चांगली पानं असली पाहिजेत. बूस्टरमधला स्फुरद दांडा आलेल्या झाडाला थोडी मदत करील. दांडा आणण्याचं काम त्याच्याने होत नाही.

आणि पुढच्या वेळी दांडा पुरता सुकू देऊ नका. शेवटचं फूल गळालं, दांडा हिरवा आहे आणि झाड धडधाकट आहे, तर खालून दोन-तीन पेरं ठेवून वर कापा. बऱ्याचदा त्या पेरातून गारव्याशिवायही फाटा फुटतो.

काकी, मी बारावीत आहे, वाळपईला राहतो. दोन वर्षांपूर्वी वादळात आमच्या बागायतीतला ऐन पडला. त्याच्या फांदीवर सीतेची वेणी (रानातलं ऑर्किड) होती. ती आणून घरामागच्या आंब्याला खोडापाशी तारेने बांधली. जिवंत आहे, पण फुलत नाही. आजी म्हणते बांडगूळ आहे, आंबा मरेल.

शाब्बास. पडलेल्या झाडावरची उचललीस हे बरं केलंस. मात्र म्हादईच्या अभयारण्यात शिरून जिवंत झाडावरची काढायची नाही, कायद्याने बंदी आहे, हे मित्रांनाही सांग. घरी आणलेल्या बऱ्याच तशाही मरतात.

आजीला सांग की हे बांडगूळ नव्हे. बांडगूळ फांदीत मूळ खुपसून झाडाचा रस पितं. आमरी, म्हणजे ऑर्किड, नुसती बसायला जागा मागते; तिची मुळं सालीवरून फिरतात, आत शिरत नाहीत. गोंधळ जुनाच आहे म्हणा. झाडावर वाढणाऱ्या सगळ्यालाच संस्कृतात 'वन्दा' म्हणत, आणि त्याच शब्दावरून संस्कृतचे इंग्रज पंडित विल्यम जोन्स यांनी ऑर्किडच्या एका प्रजातीला दिलेलं 'व्हँडा' हे नाव १७९५ मध्ये छापून आलं.

आता तुझी वेणी का रुसली? ती आधी कुठे होती ते आठव. ऐनाचं झाड उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झाडतं. म्हणजे तिला फेब्रुवारीपासून भरपूर ऊन मिळत होतं आणि पावसाळ्यात पानांची सावली. फुलं येतात मे-जूनमध्ये, त्या उन्हाच्या जोरावर. आंबा बारा महिने गच्च. तू तिला खोडापाशी, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलीस.

घराजवळ देवचाफा असेल तर तिकडे हलव. तोही हिवाळ्यात पानं गाळतो. तार नको, ती तापते आणि मुळाला कापते. सुती चिंधीने किंवा काथ्याने घट्ट बांध. हलत राहिली तर मूळ सालीला चिकटत नाही. मूळ धरायला आणखी एक-दोन वर्षं लागतील, आणि हलवायचं ते जूनच्या पहिल्या पावसाआधी, म्हणजे नवी मुळं सुटतानाच साल ओली मिळते. जुन्या फांदीचा तुकडा मुळांना चिकटलेला असेल तर तो तोडू नकोस, तुकड्यासकट बांध.

सावई-वेऱ्याला आमचं कुळागर आहे. सुपारीवर व्हॅनिलाचा वेल चढवलाय, वीस फूट तरी गेला असेल. पाच वर्षांत फूल नाही. व्हॅनिला तुमच्या खात्यात येते का?

येते तर! आईस्क्रीमवाली व्हॅनिला ऑर्किडच आहे.

वीस फूट गेला हेच कारण. हा वेल वर चढत असतो तोवर चढण्याशिवाय दुसरं काही करत नाही. तो वळून खाली लोंबायला लागला की लोंबत्या भागावर फुलं येतात. म्हणून कसलेले बागायतदार तो माणसाच्या उंचीच्या वर जाऊच देत नाहीत. फाट्यावरून खाली सोडतात, जमिनीजवळ आला की मातीला टेकवून पुन्हा वर घेतात. तुम्ही वेल हळूहळू उतरवून असाच वळवा, शेंडे वीतभर खुडा आणि पाऊस थांबल्यावर पाणी कमी करा. सुपारी दाट असेल तर वरचा उजेड थोडा मोकळा करा. अर्धं ऊन, अर्धी सावली हवी.

फूल आलं की खरं काम सुरू होतं. ते पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, दुसऱ्या दिवशी उपयोग नाही. मेक्सिकोत त्याचं परागीभवन करणाऱ्या मधमाश्या आपल्याकडे नाहीत. हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर १८४१ मध्ये एडमंड आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने हाताने परागीभवन करायची सोपी रीत शोधली. आजही जगभर तीच वापरतात. आपल्याकडे माडाच्या हिराची काडी पुरते. फुलाची ओठासारखी पाकळी खाली ओढायची, आतला पातळ पडदा काडीने वर उचलायचा आणि वरचा परागगोळा अंगठ्याने खालच्या चिकट भागावर दाबायचा. पहिली दहा-बारा फुलं फुकट जातील. जमलेलं फूल गळत नाही, देठाला धरून सुकतं. एका घोसाला आठ-दहा शेंगांपेक्षा जास्त ठेवू नका, वेल थकतो. शेंगा पिकायला नऊ महिने लागतात, आणि वास त्यानंतरच्या सुकवण्या-मुरवण्यात येतो. हिरव्या शेंगेला काहीही वास नसतो, तेव्हा तोडून हुंगून निराश होऊ नका.

कालिंपोंगच्या सहलीहून मोठ्या फुलांचं सिंबिडियम आणलं. बार्देशमध्ये फुलेल का?

नाही. त्याला शरद ऋतूतल्या दहा-पंधरा अंशांच्या रात्री लागतात, आणि तेवढी थंडी बार्देशमध्ये फक्त फ्रिजमध्ये असते. पानं दिसायला छान आहेत, ठेवा. हौस सिंबिडियमचीच असेल तर आपल्याच सखल भागात झाडांच्या ढोलीत वाढणारं एक सिंबिडियम आहे, जाड पट्ट्यासारख्या पानांचं, उन्हाळ्यात लोंबत्या दांड्यावर मातकट लाल फुलं येणारं. एखाद्या नर्सरीत बियांपासून किंवा फुटव्यांपासून केलेलं रोप मिळालं तर घ्या, आणि टोपलीत टांगा. दांडा खाली लोंबतो, कुंडी जमिनीवर ठेवलीत तर फुलं मातीत लोळतील.